सिंधूचं बाळ काय बघत होतं?

गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळाने व्यसनमुक्तीवर कार्यक्रम ठेवला होता. भाषणाला बायका कंटाळतात म्हणून नाट्यप्रवेश करायचं ठरलं. मी एकेकाळी मराठी घेऊन बी.ए. केलंय, एवढ्या भांडवलावर निवड माझ्याकडे आली. मी 'एकच प्याला' म्हटलं. कुणी 'का' म्हणून विचारलंसुद्धा नाही. दारू म्हटलं की 'एकच प्याला', हे आपल्याकडे भाताबरोबर आमटी यावी तसं ठरलेलंच.

तालमी आमच्या माडीवर व्हायच्या, सूर्यास्ताच्या आत आटपायच्या. सुधाकर झालेल्या वहिनींनी यजमानांचा कोट आणला. सिंधूसाठी तर तीन उमेदवार होत्या. बाळासाठी मात्र कुणी काही आणलं नव्हतं. शेवटी माझ्याच घरची एक उशी दुपट्यात गुंडाळली. चार दिवस ती या हातातून त्या हातात गेली. तालीम संपली की आम्ही चहाला बसायचो आणि बाळ जिन्याच्या कोपऱ्यात उभं केलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी ते उचलताना मनात आलं, गडकऱ्यांच्या नाटकात तरी या बाळाचं याहून वेगळं काय आहे? त्या रात्री नाटक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पस्तीस वर्षांपूर्वी परीक्षेसाठी वाचलं होतं, तसं नाही. घर चालवलेल्या बाईने वाचावं, तसं.

आधी नाटकाचं मोठेपण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई गडकऱ्यांना शिकवायला निघाली. 1919 च्या जानेवारीत गडकरी गेले आणि फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणलं. लेखकाने आपलं सर्वांत गाजलेलं नाटक रंगमंचावर पाहिलंच नाही. बालगंधर्वांची सिंधू बघून बायका पदराने डोळे पुसत घरी जायच्या, हे मी माझ्या आज्जीकडून ऐकलंय. आणि सुधाकर किती खरा उतरलाय! तो चैनीसाठी पीत नाही. हुशार वकील, कोर्टात अपमान होतो, सनद काही दिवसांसाठी जाते, आणि दुखावलेला अभिमान विसरायला कारकून तळीराम पहिला पेला पुढे करतो. मध्ये तो सोडतोसुद्धा. पण काम मागायला गेल्यावर जग दारात उभं करत नाही आणि पाय पुन्हा तिकडेच वळतात. घसरणीच्या एवढ्या पायऱ्या इतक्या बारकाईने दाखवणारं नाटक आपल्याकडे दुसरं मला आठवत नाही.

पण हे सगळं सुधाकराच्या वाट्याचं झालं. सिंधूच्या वाट्याला सोसणं आहे, तळीरामाच्या वाट्याला हशा. आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश आजही टाळ्या घेतात. आमच्या तालमीतसुद्धा त्याच भागाला सगळ्या हसून लोळत होत्या. रामलाल, भगीरथ यांना लांब लांब भाषणं आहेत. बाळाला काय आहे? त्याने उपाशी राहायचं, आईच्या मांडीवर निजायचं आणि शेवटी बापाच्या काठीने मरायचं. ते आहे ते आपल्याला रडू यावं म्हणून.

यावर कुणी म्हणेल, अहो, तान्हं मूल ते, ते काय बोलणार? बरोबर आहे. माझं म्हणणं तिथेच आहे. मूल तान्हं ठेवलं म्हणून नाटक सोपं झालं. तेच बाळ आठ वर्षांचं आहे असं धरून नाटक वाचून बघा. सिंधूला दळण दळताना त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं. 'बाबांना काय झालंय?' पतिव्रतेच्या तोंडी गडकऱ्यांनी मग कोणतं वाक्य घातलं असतं? शेवटी फौजदार येतो तेव्हा सिंधू मरता मरता नवऱ्याला पाठीशी घालते, आणि शंभर वर्षं आपण तिला त्यासाठी हात जोडत आलोय. कोपऱ्यात आठ वर्षांचा मुलगा उभा असता, त्याने सगळं डोळ्यांनी बघितलेलं असतं, तर आईचं ते खोटं आपल्याला एवढं पवित्र वाटलं असतं का?

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमचं एकत्र घर होतं. दोन चुली कधी झाल्या नाहीत. माझे एक दीर पीत असत. नावं कशाला, ते आता सुधारलेत आणि हे लिहिण्याआधी मी त्यांना विचारलंय. जावेचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. जाऊ आत गप्प असायची, आणि पोरगा मला विचारायचा, "काकू, पप्पा असं का बोलतात?" मी सांगायची, "पित्त झालंय रे त्यांना. झोप जा तू." हे मी एकदा नाही, पाच-सहा वर्षं सांगितलं. घराची अब्रू, समाजात नाव, बस्तीत तोंड दाखवायचं, सगळं त्या पित्तावर भागवलं.

तो पोरगा आता इंजिनिअर आहे. मागच्या दिवाळीला मी त्याच्याजवळ हा विषय काढला. तो शांतपणे म्हणाला, "काकू, मला स्कूटरच्या स्टँडवरून कळायचं. एका दमात स्टँड लागला की मी अभ्यास करत बसायचो. दोन-तीनदा खरखरला की दिवा घालवून झोपेचं सोंग घ्यायचो. तुम्ही पित्त म्हणायचात, तेव्हा मला वाटायचं की तुम्हाला माहीतच नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही घाबराल, म्हणून मी बोलायचो नाही."

म्हणजे मी त्याला सांभाळत नव्हते. नऊ वर्षांचं पोर मला सांभाळत होतं.

हे 'एकच प्याल्या'त नाही. मूल नुसतं सोसत नसतं, ते वाचत असतं. जिन्यावरचं पाऊल, बाटलीचं बूच, आईच्या हातातल्या भांड्यांचा आवाज, सगळ्यांची त्याला लिपी येते. बापाने हात उगारला नाही तरी त्याचं शिक्षण चालू असतं. मराठीतल्या दारूच्या गोष्टी बहुतेक पिणाऱ्याच्या किंवा त्याच्या बायकोच्या असतात, आणि त्याला आम्ही वाचणाऱ्या बायकाही जबाबदार आहोत. आम्हाला सिंधू व्हायला आवडतं. सोसलं की आपलं काम झालं.

आता दुसरी गोष्ट, तीही माझ्याच घरातली. आपल्या धर्मात मद्याला जागा नाही. समंतभद्रांनी श्रावकाचे आठ मूलगुण सांगितले, त्यात मद्य, मांस, मध यांचा त्याग आहेच. सप्तव्यसनांत तर मद्य, जुगार, चोरी अशी नावं घेऊनच सांगितलंय. म्हणून दारू पिणारा लपून पितो. पण तंबाखू या याद्यांत नाही. असणार कशी? ती आली पोर्तुगीजांबरोबर, आचार्यांनी ग्रंथ लिहिल्यानंतर शेकडो वर्षांनी. यादीत नाव नाही, म्हणून ती उजळ माथ्याने आपल्या घरात बसली.

माझं माहेर निपाणीकडचं. तिथे तंबाखू म्हणजे शेत, वखार, मुलींची लग्नं, बस्तीची देणगी. 1981 साली दरासाठी शरद जोशींच्या मागे शेतकरी रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, तेव्हा मी शाळकरी होते. घरात पीक आणि भाव सोडून दुसरं बोलणं नव्हतं. वखारीत काम करणाऱ्या बायांच्या खोकल्याबद्दल अनिल अवचटांनी लिहिलं ते मी कॉलेजात गेल्यावर वाचलं. त्या बाया मात्र आमच्या दारावरून रोज जायच्या. आमचे आण्णा रात्री अन्नाचा कण तोंडात घालत नसत. अष्टमी-चतुर्दशीला एकभुक्त. पण चंची कमरेला. ती भरायचं काम माझं. चुना किती घ्यायचा, तळहातावर किती मळायचं, भुकटी फुंकून कशी उडवायची, हे मला बाराखडीबरोबर आलं. "माझ्या लेकीच्या हाताला चव आहे," असं आण्णा चारचौघांत म्हणायचे आणि मी फुलून जायची. आज्जी तव्यावर मिशेरी भाजायची, घरभर ठसका लागायचा, तिच्या मांडीवर बसून मीही बोटभर दातांना लावायची. कुणी ओरडलं नाही. ते व्यसन नव्हतंच ना, ते दात घासणं होतं.

आण्णांच्या गालात गाठ आली तेव्हा ते साठीचेही नव्हते. शेवटी त्यांना पातळ पेज नळीने द्यायला लागायची. तेव्हाही माझ्या हाताला वास येतो की काय असं वाटून मी हात धुवत राहायची. मी मुलगी होते, माझा दोष नव्हता, हे मला कळतं. तरीपण ज्या हाताचं कौतुक झालं तो हात विसरत नाही.

भांगेचंही असंच. कायद्यात गांजा बंद, पण नुसत्या पानाला त्याच्या व्याख्येतून वगळलंय. मग शिवरात्रीला नाहीतर होळीला शेजारच्या घरून थंडाई येते, आणि मोठी माणसं 'थोडी घेऊ दे की' म्हणून पोरांच्या हातात पेला देतात. यादीत नाही ना, मग झालं. आता 2015 च्या बालन्याय कायद्याने मुलाच्या हातात दारू-तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. पण 'जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये' म्हणणारा बाप आणि 'पित्त झालंय' म्हणणारी काकू कुठल्या कलमात बसणार? ते कलम आपणच लिहायला पाहिजे.

कार्यक्रमाचं काय झालं? मी मंडळात सांगितलं, उशी नको. थोडी वादावादी झाली. "पर्वात असलं काय दाखवायचं? लोक काय म्हणतील?" एक जण म्हणाली. शेवटी गडकऱ्यांचा प्रवेश आहे तसा केला, आणि तो संपल्यावर दहा वर्षांची एक मुलगी मंचावर नुसती येऊन उभी राहिली. तिला आम्ही एकच वाक्य दिलं होतं: "मी जागीच होते."

टाळ्या पडल्या नाहीत. कार्यक्रम आटपल्यावर दोन बायका पहिल्यांदाच माझ्याशी घरचं बोलल्या. काय बोलल्या ते लिहिणार नाही. एवढंच सांगते, नाटकाचं पुस्तक पुन्हा कपाटात ठेवायच्या आधी मी सिंधूला नमस्कार केला, पण यावेळी हात जोडताना नजर तिच्या मांडीकडे गेली. तुम्हीही कधी नाटक बघायला गेलात तर तिकडे बघा. आणि घरी परत आल्यावर, दिवा घालवलेल्या खोलीत एकदा डोकावून या.