विकलेल्या शिवाराचा राखणदार

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ 2018 साली आला आणि ‘अरारारा खतरनाक’ वरातीवरातींत वाजू लागलं. गुन्हेगारीपट म्हणून त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला मात्र राहुल्यापेक्षा त्याचा बाप महत्त्वाचा वाटतो. एकेकाळचा पाटील सखाराम (मोहन जोशी) जमीन विकतो, पैसा उडतो आणि विकलेल्याच जमिनीवर तो वॉचमन होतो. राखण तो आधीही करतच होता. आता पगारावर करतो.

इथवर चित्रपट अचूक आहे. पुढे तो सोपी वाट धरतो. शेतकऱ्याला हाव सुटली, पोरं बिघडली, तेव्हा जमिनी विकू नका! बापाला दम देणं सोपं असतं. 1921 च्या मुळशी सत्याग्रहात समोर धरण बांधणारी टाटा कंपनी होती, पाठीशी सरकार होतं. इथे खरेदीखतावर शेतकऱ्याचीच सही, म्हणून दोषही त्याचाच. पण बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहज घेता येऊ नये म्हणून कूळकायद्यात कलम 63 आहे. एनएसाठी 1966 च्या महसूल संहितेत परवानगीची अट होती. पुढे कलम 42-ड आलं आणि गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला ती वेगळी घ्यायची गरज उरली नाही, कर वगैरे भरला की झालं. कुंपण होतं, ते कागदावरच सैल होत गेलं. गुंड आणि पिस्तुलं भरपूर दाखवणाऱ्या या चित्रपटाला त्या कागदात फारसा रस नाही.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. सखारामनं पैसा नीट गुंतवला असता, तर चित्रपटाची तक्रार काय उरली असती? हडपसरला मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी सुमारे 400 एकर एकत्र करून स्वतःच नगर वसवलं. फसवणूक टळली, उत्पन्न टिकलं, चांगलंच झालं. शेत मात्र तिथेही गेलंच. ‘मुळशी पॅटर्न’ रडतो तो विकणाऱ्यासाठी, जमिनीसाठी नव्हे.

आणि न विकणाऱ्याचं काय? भाताचं पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरतं. वरच्यानं प्लॉट पाडून मुरूम टाकला की खालच्याचं पाणी तुटतं, नाहीतर नको तेव्हा अंगावर येतं. त्यानं सही केलेली नसते, पैसेही घेतलेले नसतात. त्या माणसाची गोष्ट या चित्रपटात नाही. 2021 च्या हिंदी ‘अंतिम’मध्ये तर सलमान खानचा पोलीस मध्यभागी आला आणि शिवार आणखीच मागे सरकलं.