युनिकोड मानकातील देवनागरी : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांच्या निमित्ताने

संगणकाच्या उपयोगासाठी जगातील लिप्यांची चिन्हे एका कोशात ग्रथित करणाऱ्या युनिकोड मानकात देवनागरीचे स्वतंत्र विवेचन आहे. ते आज्ञावली रचणाऱ्यांसाठी लिहिलेले असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही. वस्तुतः ते लिपीचे एक व्याकरणच आहे. त्यात संज्ञा आहेत, क्रमांक दिलेले नियम आहेत आणि मागाहून जोडलेला, वार्तिकाची आठवण करून देणारा पोटनियमही आहे. आज संगणकावर उमटणारे बहुतेक मराठी लेखन या व्याकरणाच्या आधीन असल्याने त्याचे परीक्षणही व्याकरणाच्याच कसोटीवर व्हावयास हवे.

या विवेचनाचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या स्वरूपावर आधारलेली आहे. चिन्हांचा क्रम उच्चाराचा आहे. कागदावर ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या डावीकडे दिसतो, परंतु संकेतात तो व्यंजनानंतर येतो. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, पण संकेतात त्याचा र आधी येतो. टंकयंत्रावर इकाराची खूण अक्षराआधी उमटवावी लागे, हे ज्यांना स्मरत असेल त्यांना या बदलाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. व्यंजनात अ अंतर्भूत मानणे आणि पाय मोडून तो काढणे ही योजनाही परंपरेला धरूनच आहे.

अडचण उद्भवते ती मराठीच्या एका अर्ध्या र मुळे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन, ‘आचार्यांनी’ म्हणजे गुरुजनांनी आणि ‘आचाऱ्यांनी’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांनी. प्रत्येक जोडीत पहिल्या शब्दात रफार आहे, दुसऱ्यात पापणीसारखी वळलेली खूण. मानकाने तिला नावही पापणीवरूनच दिले आहे. पाचवा नियम सांगतो की ही खूण म्हणजे ‘ऱ’ या वर्णाचे अर्धे रूप होय व ती मराठी आणि नेवारी लेखनात प्रचलित आहे. त्याला जोडलेला ‘५अ’ हा पोटनियम मात्र, १९९६ च्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी, दुसरा मार्गही खुला ठेवतो. साधा र, त्याचा मोडलेला पाय आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचा, ज्याला स्वतःची रुंदी नाही असा अदृश्य जोडक. डोळ्यांना दोन्ही प्रकारे एकच ‘दऱ्या’ दिसते. यंत्राच्या दृष्टीने मात्र हे दोन निराळे शब्द आहेत.

पहिल्या मार्गातील ‘ऱ’ मुळात मराठीचा नव्हेच. भारतीय लिप्यांचे तक्ते एकमेकांशी समांतर ठेवण्याची इस्कीची पद्धत युनिकोडनेही स्वीकारली. तमिळ व मलयाळम लिप्यांत ज्या स्थानी त्यांचा दुसरा र आहे, नेमके त्याच स्थानी देवनागरीत ‘ऱ’ बसवला आहे. द्राविडी भाषांतील वर्ण नागरीत लिप्यंतरित करता यावा, एवढेच त्याचे प्रयोजन. त्याचे अर्धे रूप मोकळे होते, ते मराठीच्या खुणेला देण्यात आले. व्यवस्था म्हणून ही युक्ती चतुर आहे. परंतु तिच्यातून निघणारे विधान, म्हणजे ‘दऱ्या’मधील र हा ‘दर्या’मधील र हून भिन्न वर्ण आहे हे विधान, मराठीच्या ध्वनिव्यवस्थेला मान्य होणारे नाही. र एकच आहे.

भेद आहे तो अक्षरविभागणीत. ‘दर्या’मध्ये र मागच्या स्वराला चिकटतो, दर्-या अशी फोड होते आणि पहिले अक्षर गुरू ठरते. ‘दऱ्या’मध्ये र आणि य दोन्ही पुढच्या स्वराकडे जातात व पहिले अक्षर लघूच राहते. वृत्तात मात्रा मोजणाऱ्याला हा भेद पाठ असतो. शिवाय ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘आचाऱ्यांनी’ यांत र हा प्रकृतीचा अंत्य वर्ण असून य हा विकारामुळे आलेला आहे. म्हणजे येथे ही खूण प्रकृती व विकार यांच्या सांध्यावर उभी आहे. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांत मात्र सांधा नाही. तेथे न्ह, म्ह, ल्ह यांच्या पंक्तीत बसणारा महाप्राण र आहे, आणि ‘अर्हता’ यासारख्या तत्सम शब्दातील र् + ह या संयोगाहून तो वेगळा आहे. एकाच खुणेने दोन निरनिराळी कामे चालवली आहेत, याची दखल मानकात कोठेही दिसत नाही.

दुसरा मार्ग याच्या उलट टोकाला जातो. अदृश्य जोडक हे मानकाच्या दृष्टीने आकाराचे नियंत्रण करणारे चिन्ह आहे. अक्षर जोडून दाखवावे की अर्धे दाखवावे, एवढेच ते सांगते, आणि शब्दांची तुलना व अनुक्रम लावताना ते सामान्यतः हिशेबात धरले जात नाही. म्हणजे ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे एकाच शब्दाचे दोन लेखनप्रकार ठरतात. २००३ साली संकेतस्थळांच्या नावांसाठी जे नियम आले, त्यांनी हा जोडक नावातून गाळूनच टाकण्याची व्यवस्था केली होती. या मार्गाने लिहिलेल्या ‘दऱ्या’चे त्यात ‘दर्या’ होत असे. २०१० च्या सुधारित नियमांनी, पाय मोडलेल्या व्यंजनानंतर तो आल्यास त्याला मुभा दिली. परंतु अदृश्य म्हणून निरर्थक, ही समजूत नियमाबरोबर बदलत नाही. मजकूर स्वच्छ करण्याच्या नावाखाली अशी चिन्हे पुसून टाकणाऱ्या आज्ञावली आजही लिहिल्या जातात.

याहून आश्चर्याची गोष्ट समतुल्यतेची. ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ हे दोन लेखनप्रकार मानकाने समतुल्य घोषित केले आहेत. मराठी लिहिणाऱ्याला त्याची क्वचितच गरज पडते. पापणीच्या ज्या दोन लेखनप्रकारांची मराठीला रोज गाठ पडते, त्यांना मात्र ही समतुल्यता नाही. परिणामी एका प्रकाराने लिहिलेला ‘वऱ्हाड’ शोधावयास गेले असता दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला ‘वऱ्हाड’ सापडेलच असे नाही, आणि शब्दांची वारंवारता मोजणाऱ्याच्या कोष्टकात एकच शब्द दोन ठिकाणी विभागला जातो.

मानक हे लिपीचे आहे, भाषेचे नव्हे, तेव्हा अक्षराचे गुरुलघुत्व नोंदवण्याची अपेक्षा त्याच्याकडून का करावी, असा आक्षेप येथे घेता येईल. तो तत्त्वतः योग्य आहे. परंतु येथे लिपीनेच भेद केला आहे. खूण छापखान्यात होती, शाळेच्या पाटीवर होती. शिवाय मलयाळमचे उदाहरण समोर आहे. त्या लिपीतील ‘चिल्लु’ नावाची स्वरहीन व्यंजने पूर्वी याच अदृश्य जोडकाने लिहिली जात. त्यामुळे अर्थभेद धोक्यात येतो हा युक्तिवाद मान्य होऊन २००८ च्या ५.१ या आवृत्तीत त्यांना स्वतंत्र स्थाने मिळाली. मराठीचा ‘ॲ’ही त्याच आवृत्तीत दाखल झाला, तोवर अ वर चंद्र देऊन वा ‘ऍ’ वापरून निभावून न्यावे लागत होते. ‘स्त्री’ या एकाक्षरी शब्दाची गोष्टही अशीच आहे. संकेतात त्याची चिन्हे सहा. वाचकाला एकक म्हणून जाणवणारे समूह किती, हे ठरवणारा मानकाचा सर्वसाधारण नियम २०२३ पर्यंत त्याचे तीन तुकडे करी. १५.१ या आवृत्तीने देवनागरीतील जोडाक्षर अखंड मानले. दुरुस्ती होऊ शकते, हे यावरून दिसते; मात्र एकदा दिलेले स्थान काढून न घेण्याचे व एकदा ठरलेली समतुल्यता न बदलण्याचे मानकाचे धोरण असल्याने पापणीच्या दोन लेखनप्रकारांचा मेळ आता मानकात बसणे शक्य नाही. तो मराठीच्या कोशकारांनी, प्रकाशकांनी आणि शब्दसंग्रह उभारणाऱ्या संस्थांनी आपापल्या दप्तरी घालावयाचा आहे.

त्यासाठी ‘ऱ’चा मार्ग पत्करावा हेच श्रेयस्कर. त्याचे ध्वनिशास्त्र सदोष असले तरी ते चिन्ह दृश्य आहे, तुलनेत मोजले जाते आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर वसलेले आहे. जोडकाने लिहिलेला जुना मराठी मजकूर या रूपात आणणे सोपे आहे, कारण र, मोडलेला पाय आणि जोडक या क्रमाला मराठीत दुसरा अर्थ नाही. जेथे जोडक आधीच पुसला गेला आहे तेथे मात्र यंत्राचा उपयोग तोकडा पडतो. लग्नाच्या वृत्तान्तात ‘आचार्यांनी’ असे आढळले, तर ते मंगलाष्टके म्हणणारे होते की जिलब्या तळणारे, हे पुढचे वाक्य वाचूनच ठरवावे लागते.