शाईची कड आणि डोळ्याची थरथर

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६५ साली ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन भरलं. लोकांनी गर्दी केली, अनेक समीक्षकांनी मात्र नाकं मुरडली. डोळ्यांना फसवणं ही कला नव्हे, हा त्यांचा आक्षेप. चित्रकार ब्रिजेट रायलीच्या काळ्या-पांढऱ्या रचना तर तिला न विचारताच कापडावर छापून दुकानांत आल्या. ती संतापली, आणि ते रास्तच होतं. डोळ्याला चकवणाऱ्या या ‘ऑप आर्ट’वर तेव्हा बसलेला उथळपणाचा शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. मला तो अन्यायाचा वाटतो. आणि का, ते कॅनव्हासपेक्षा मुद्राचित्रांतून, म्हणजे छापलेल्या चित्रांतून, जास्त स्पष्ट कळतं.

रायलीची ‘फ्रॅगमेंट्स’ ही सात स्क्रीनप्रिंट्सची मालिका त्याच वर्षीची. छपाई कागदावर नाही, पर्स्पेक्स या प्लास्टिकवर. काळं आणि पांढरं जिथे भिडतं तिथे डोळा थरथरतो. तिथली कड जरा फुटली, शाई किंचित पसरली, की परिणाम ओसरतो. जाळीतून रबरी पट्टीने ओढलेली शाई सपाट बसते, हाताचा मागमूस ठेवत नाही. ज्या यांत्रिकपणाला नावं ठेवली गेली, त्याच्याच आधारावर हा सगळा अनुभव उभा आहे.

डोळ्याला चकवणाऱ्या मंडळींत मला सर्वांत मोठा वाटतो तो योझेफ आल्बर्स. जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेतला हा शिक्षक नाझी सत्तेवर आल्यावर, १९३३ साली अमेरिकेत गेला आणि पुढे येल विद्यापीठात शिकवू लागला. त्याच्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ची १९६३ची पहिली आवृत्ती स्क्रीनप्रिंटच्या रंगपत्रांसह निघाली. हा खर्चीक हट्ट विनाकारण नव्हता. नेहमीच्या चौरंगी छपाईतला हिरवा म्हणजे निळ्या-पिवळ्या ठिपक्यांची मिसळ. आल्बर्सला दाखवायचं होतं की एकच रंग दोन पार्श्वभूमींवर दोन वेगळे रंग होऊन बसतो. मग तो दोन्हीकडे खरोखर एकच आहे, याची खात्री शाईनेच द्यायला हवी. वाचक पार्श्वभूमी झाकतो, पुन्हा उघडतो, आणि सगळं माहीत असूनही फसतो. १९६९ साली तर त्याने शाईच काढून टाकली: पांढऱ्या कागदावर नुसत्या दाबाने उमटवलेल्या रेषा. त्या रेषांतून दिसणारी पेटी आत वळते की बाहेर, हे ठरवता ठरवता आपण किती वेळ उभे राहिलो ते कळत नाही. इतक्या कमी साधनांत इतकं काम करणारी मुद्राचित्रं मला दुसरी माहीत नाहीत.

ऑप आर्टमधल्याच व्हिक्टर व्हासारेलीबद्दल मात्र, आदर असूनही, हात आखडता घ्यावा लागतो. कला घरोघरी पोचावी म्हणून त्याने प्रतींचा हिरिरीने पुरस्कार केला. ते स्वप्न मोलाचं होतं. पण फुगलेल्या गोलांच्या त्याच्या जाळ्या पुढे पुढे साचा सापडल्यासारख्या येत राहिल्या. आजच्या संगणकावर केलेल्या पुष्कळ भौमितिक छापांतही हेच खटकतं. जाळी वाकवायला आता क्षणही लागत नाही, आणि छपाई त्यात काहीच ठरवत नाही. फोनवर बघावं तर बारीक रेषांवर पडद्याचे ठिपके आपलीच नक्षी चढवतात. ती चित्रकाराची नसते.

भूमितीचा अगदी वेगळा वापर केला तो अलीगढमध्ये जन्मलेल्या झरीना हाश्मीने. गणिताची पदवी घेतलेल्या झरीनाने पॅरिसला हेटरच्या ‘आतलिए १७’ या मुद्राचित्रशाळेत काम केलं. ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ (१९९९) या ३६ काष्ठठशांत घराचा अर्थ मोजक्या रेषांवर आणि एकेका उर्दू शब्दावर तोललेला आहे. २००१च्या ‘डिव्हायडिंग लाइन’मध्ये भारत-पाकिस्तान सीमेची एकच काळी, वाकडीतिकडी रेषा दिसते, दोन्ही बाजूंचं लाकूड खोदून काढल्यावर उरलेली. इथे डोळ्याला फसवायचं काही नाही, तरी आल्बर्सप्रमाणेच इथेही विचार ठशाच्या कृतीतूनच घडतो. भौमितिक मुद्राचित्रणाला पुढे जायचं असेल, तर रायलीच्या थरथरीची नक्कल करत बसण्यापेक्षा ही वाट मला जास्त मोकळी वाटते.