‘जेव्हा माणूस जागा होतो’ : वेठ, खंड आणि कागद

प्रस्तावना :
गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली त्यास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारली उठावाचे हे निवेदन सामान्यतः चळवळीचा दस्तऐवज किंवा एका कार्यकर्तीचे अनुभवकथन म्हणून वाचले जाते. ही दोन्ही वाचने यथार्थ आहेत. परंतु कसण्यासाठी जमीन कोणत्या अटींवर मिळत होती, याचाही पुरावा या पुस्तकात आहे. तो तुलनेने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्या अंगाने पुस्तकाची चिकित्सा केली असून, आजच्या पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात तिचे महत्त्व तपासले आहे.

खंड, खावटी आणि वेठ :
पुस्तकातील शोषणाचे चित्र बहुतेक वाचकांच्या स्मरणात राहते ते वेठीमुळे व लग्नगड्यामुळे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी आयुष्यभर सावकाराच्या घरी राबणारा लग्नगडी हे त्या व्यवस्थेचे सर्वांत क्रूर रूप होय. मात्र या रूपाचे मूळ जमिनीच्या वाटपात आहे. जमीन जमीनदाराची, कसणारा वारली. पिकाचा मोठा हिस्सा खंड म्हणून खळ्यावरूनच उचलला जाई. उरलेले धान्य पावसाळ्यापर्यंत पुरत नसे. मग त्याच जमीनदाराकडून खावटी घ्यावी लागे आणि ती फेडता न आल्याने वेठ नाकारण्याचे बळ उरत नसे. जमीन देणारा, धान्य उसने देणारा व श्रम घेणारा एकच असल्यामुळे कुळाला सौदा करण्यास जागाच नव्हती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ज्यास परस्परांत गुंतलेले बाजार म्हणतात, त्यांचे हे चित्रण परुळेकरांनी परिभाषेचा आधार न घेता केले आहे. या पुस्तकाचे बलस्थान येथे आहे.

निवेदनाची घडण व तिची मर्यादा :
शीर्षकच सुचविते त्याप्रमाणे निवेदनाची रचना ‘जाग’ या कल्पनेभोवती आहे. जानेवारी १९४५ मधील टिटवाळ्याची किसान परिषद, २३ मे १९४५ रोजीचा झरी येथील मेळावा व वेठ न करण्याचा निर्धार, ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये दराची मागणी, १० ऑक्टोबर १९४५ रोजीचा तलवाडा येथील गोळीबार व त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांना आलेला मृत्यू, या घटनाक्रमास या रचनेमुळे विलक्षण गती प्राप्त होते. वेठ एका दिवसात नाकारता येते. त्यासाठी सामूहिक निर्धार पुरेसा असतो. म्हणूनच ती कथनाचा कळस होऊ शकते.

खंडाचे तसे नाही. जमिनीवरील हक्क टिकविण्यासाठी निर्धाराबरोबर नोंद लागते, पावती लागते, सीमा ठरलेली लागते. हा प्रश्न संथ, कागदी व नाट्यहीन आहे. त्यामुळे जागृतीच्या कथनात तो दुय्यम होतो. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या लेखिकेच्या पुस्तकात कागदाला मिळालेले हे गौण स्थान लक्षणीय होय. त्यामागे कारणही आहे. जेथे कागद जमीनदाराच्याच हाती होता, तेथे त्यावर विश्वास ठेवण्याचे प्रयोजन नव्हते. ही मर्यादा लेखिकेच्या दृष्टीइतकीच त्या काळाचीही आहे.

कायद्यानंतरची तोंडी वहिवाट :
मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ आणि त्यातील १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ कुळांनी जमीन विकत घेतल्याचे मानले गेले. हे भारतीय जमीनसुधारणेतील मोठे पाऊल होते. तथापि ज्याचे नाव नोंदीत होते त्याचा मार्ग सुकर झाला; ज्याचे नव्हते, त्याच्यावर कूळ असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आली. पुढे निर्माण होणाऱ्या कुळालाही कलम ३२-ओ अन्वये वहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षात खरेदीचा हक्क मिळाला. संरक्षणासाठी केलेल्या या तरतुदीमुळे जमीन भाड्याने देणाऱ्याच्या मनात ती गमावण्याची भीती बसली. परिणामी भाडेपट्टा संपला नाही. तो तोंडी झाला आणि हंगामापुरता उरला. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ घालण्यात आले. त्यानुसार भाडेपट्ट्यासही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. हे संरक्षण आवश्यकच आहे. मात्र मंजुरीचा मार्ग टाळणारे व्यवहार पुन्हा तोंडीच होतात व त्यांत दुबळा पक्ष अधिक दुबळा राहतो.

बोईसर-तारापूरचा संदर्भ :
१९६९ साली सुरू झालेले तारापूर अणुविद्युत केंद्र, बोईसरलगतची औद्योगिक वसाहत, केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी विस्थापित झालेली अक्करपट्टी व पोफरण ही गावे आणि अलीकडील मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेमार्ग यांमुळे या परिसरात जमिनीचे मोल पिकावरून ठरेनासे झाले. अशा ठिकाणी तोंडी कसणाऱ्याचे नुकसान दुहेरी असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करणाऱ्या व उपजीविकेसाठी मुख्यतः त्यावरच अवलंबून असलेल्या कुळांना व वाटेकऱ्यांना ‘बाधित कुटुंबा’त स्थान दिले आहे, परंतु ती तीन वर्षे दाखविणार कशाने? २०२१ पासून राबविलेल्या ई-पीक पाहणीतही पिकाची नोंद खातेदाराच्या खात्यावर होते. पीकविम्यात भाडेपट्टेदारास सामील होता येते, पण त्यासाठी नोंदणीकृत करार हवा. घाम एकाचा व नोंद दुसऱ्याची, हे अंतर १९४५ नंतरही पूर्णतः मिटलेले नाही.

निष्कर्ष :
नीती आयोगाने २०१६ साली मांडलेल्या आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायद्याचा आशय मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्यास लेखी ओळख देण्याचा आहे. त्या दिशेने विचार करताना परुळेकरांच्या पुस्तकाचा इशारा दुर्लक्षून चालणार नाही. जमीन देणारा आणि कर्ज देणारा एकच असेल, तर लेखी करारदेखील साखळदंड ठरू शकतो. म्हणून भाडेपट्ट्याच्या नोंदीबरोबरच स्वतंत्र पतपुरवठा व आदिवासी जमिनीचे संरक्षण ही अट अपरिहार्य ठरते. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाने वेठीच्या अंताची कथा पूर्ण केली. खंडाची कथा त्यात सुरू होते, पण संपत नाही. आणि याच कारणाने पालघरच्या वर्गखोल्यांत हा ग्रंथ केवळ साहित्याच्या नव्हे, तर अर्थशास्त्राच्या व विधीच्या तासालाही वाचला जाणे अगत्याचे आहे.