पहारेकरी नव्हे, रेणू

सू आर्मस्ट्राँग यांचे 'पी-५३ : द जीन दॅट क्रॅक्ड द कॅन्सर कोड' हे पुस्तक २०१४ साली निघाले. जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी ते जरूर वाचावे, मात्र शीर्षकावर विश्वास न ठेवता. कर्करोगाचे कोडे अजून सुटलेले नाही.

पुस्तकातला सर्वांत सरस भाग आहे एका चुकीचा. पी-५३ हे प्रथिन १९७९ साली सापडले आणि पुढची दहा वर्षे त्याचे जनुक कर्करोग घडवणारे मानले गेले. १९८९ मध्ये उलगडा झाला. प्रयोगशाळांत हाताळल्या जात होत्या त्या जनुकाच्या बिघडलेल्या प्रती! धड जनुक उलट कर्करोगाला अटकाव करते. चूक सुधारणाऱ्यांत ती करणारेही होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत असले काही येत नाही. असो.

माझी तक्रार उपमेबद्दल आहे. डेव्हिड लेन यांनी १९९२ साली पी-५३ला 'जीनोमचा पहारेकरी' म्हटले, आणि तेव्हापासून हा पहारेकरी सगळीकडे हिंडतो आहे. पहारेकरी म्हटला की तो पाहतो, ठरवतो, प्रसंगी डुलकीही घेतो, असे मुलांना वाटणारच. प्रत्यक्षात निरोगी पेशीत हे प्रथिन सतत तयार होते आणि एमडीएम-२ हे दुसरे प्रथिन त्याला सतत मोडीत काढवते. डीएनएला इजा झाली की ही मोड थांबते, पी-५३ साठते, त्याचे चार-चार रेणू एकत्र येऊन डीएनएला चिकटतात व काही जनुके चालू करतात. मग पेशीचे विभाजन थांबते. इजा फार असेल तर पेशीच मरते. चौकडीत एखादा बिघडलेला रेणू शिरला, तरी बहुधा सगळी चौकडी लंगडी पडते. संशोधक दहा वर्षे का चकले, तेही यावरून कळते.

शब्द सैल वापरले की काय होते, ते मी एका शाळेत पाहिले. व्याख्यानानंतर नववीतल्या एका मुलीने हळूच विचारले, "सर, आजीला कॅन्सर होता. ते जनुक माझ्यात असेल का?"

"आहे. माझ्यात आहे, तुझ्या बाईंमध्येही आहे. असायलाच हवे."

सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते, पण बहुतेक वेळा तो बिघाड आयुष्यात केव्हातरी, त्या अवयवातल्या एखाद्या पेशीत झालेला असतो. जन्मतःच बिघडलेली प्रत मिळणे दुर्मीळ. हे सांगितल्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "मग बिघडते कशाने?" मी तिला तंबाखूच्या धुराबद्दल सांगितले, आणि बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतल्या अफ्लाटॉक्सिनबद्दल, जे यकृतातल्या पेशींत या जनुकाच्या एका ठरावीक जागीच घाव घालते.