गुपित फुटल्यानंतर काय?

विज्ञानकथेतले एखादे नगर फार सुखी, फार स्वच्छ, फार शिस्तीचे दिसले, की मुरलेला वाचक लगेच शोधू लागतो : पाणी कुठे मुरते आहे? डिस्टोपियन कथांचा हा साचा आता इतका रुळला आहे की गुपित फुटल्याचा धक्का जवळपास बसतच नाही. मग या प्रकारात उरले काय?

आरंभीच्या थोर कृतींना गुपिताची फारशी गरज नव्हती. येवगेनी झाम्यातिनच्या 'वुई'मध्ये (इंग्रजी भाषांतर १९२४) माणसे काचेच्या घरांत राहतात. सत्ता नागरिकालाच काही लपवू देत नाही. अल्डस हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (१९३२) राज्यकर्ता मुस्तफा माँड बंडखोरांना समोर बसवून व्यवस्थेचा सारा हिशेब मांडतो : स्थैर्य हवे तर कला, विज्ञान आणि धर्मावर पाणी सोडा. वाद उघड आहे, म्हणूनच तो अजून शिळा झालेला नाही.

रहस्यस्फोटाची चटक वाढवली पडद्याने. 'लोगन्स रन' (१९७६) या चित्रपटातले घुमटाखालचे ऐषारामी शहर तिशी गाठलेल्यांना नवजीवनाचे आमिष दाखवून मारते. सत्य कळते, शहर कोसळते, कथा संपते. पाप यंत्रणेचे; प्रेक्षक हात झटकून मोकळा.

उर्सुला ले ग्विनने ही सोय १९७३ मध्येच काढून घेतली होती. 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास' या कथेत शहराचे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या हालांवर उभे आहे, आणि ते सर्वांना ठाऊक आहे. कळल्यावर काही रडतात, बहुतेक सरावतात, मोजके निघून जातात.

या प्रकारातले नंतरचे कसदार लेखन याच वाटेवरचे. लोइस लॉरीच्या 'द गिव्हर'मध्ये (१९९३) जोनासला चित्रफितीत बाप तान्ह्या बाळाला मारताना दिसतो. हादरवतो तो प्रेमळ बापाचा सहजपणा. काझुओ इशिगुरोच्या 'नेव्हर लेट मी गो'मध्ये (२००५) अवयवांसाठी वाढवलेली मुले पळून जात नाहीत, फार तर थोडी मुदत मागतात. प्रयाग अकबर यांच्या 'लैला'त (२०१७) शुद्धतेच्या नावाने उभारलेल्या भिंती सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. एन. के. जेमिसिन तर 'द वन्स हू स्टे अँड फाइट'मध्ये ले ग्विनलाच उत्तर देते : समता जपणारे तिचे नगर विषमतेचा विचार पसरवणाऱ्याचा जीव घेते. पटो न पटो, वाचकाला बाजू घ्यावीच लागते.

आजच्या मालिका मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवतात. 'सेव्हरन्स'ची (२०२२) मूळ कल्पना अस्सल आहे : माणूस राजीखुशीने स्वतःचाच एक अंश कचेरीत कोंडून घरी जातो. त्यापुढे कंपनीचे गूढ किरकोळच. तरी पुढच्या भागाची ओढ टिकवण्यासाठी तेच ताणले जाते.

गुपितावर बेतलेली कथा एकदाच वाचता येते; संमतीवर बेतलेली पुन्हा पुन्हा. या प्रकारात नवे लिहू पाहणाऱ्याने तळघराचे दार पहिल्याच पानावर उघडावे आणि मग तिथले नागरिक दुसऱ्या दिवशी कामावर कसे जातात, ते लिहावे.