‘ड्रॅगन एज २’ची बाजू घेताना

प्रबंधासाठी कलाकृती निवडायची म्हटलं की बहुतेक जण सगळ्यांना आवडलेली निवडतात. मी उलट सांगेन. जिच्यावरून लोक भांडतात ती घ्या, कारण भांडताना माणसं आपले निकष तोंडाने बोलून दाखवतात. आज अशीच एक घेऊया: बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीचा ‘ड्रॅगन एज २’ हा गेम. मी त्याच्या बाजूने बोलणार आहे आणि शेवटही सांगून टाकणार आहे, तेव्हा खेळायचा असेल तर आधी खेळून या.

ज्यांनी असे गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. रोल-प्लेइंग गेममध्ये तुम्ही एक पात्र होता आणि त्याची उत्तरं, निर्णय निवडत कथा पुढे नेता. पहिला भाग ‘ओरिजिन्स’ नोव्हेंबर २००९ मध्ये आला. त्यात तुम्ही देशभर फिरून सैन्य जमवता, गादीवर कोण बसणार ते ठरवता आणि शेवटी संकटाचा नायनाट करता. दुसरा भाग मार्च २०११ मध्ये, म्हणजे अवघ्या सोळा महिन्यांनी. यात देश वगैरे काही नाही. कर्कवॉल नावाचं एक शहर, तिथे आसरा घेतलेलं एक निर्वासित कुटुंब, त्यातला हॉक (किंवा त्यातली, ते तुम्ही ठरवता), आणि सुमारे सात वर्षांचा काळ. मेटाक्रिटिकवर समीक्षकांनी पीसी आवृत्तीला १०० पैकी ८२ गुण दिले आणि खेळणाऱ्यांनी १० पैकी पाचाच्याही खाली. एवढी दरी दिसली की संशोधकाने थांबायला हवं.

काही तक्रारी सरळ मान्य करू. तीच गुहा पुन्हा पुन्हा येते, कधी हे दार बंद तर कधी ते. मारामारीत शत्रू आभाळातून पडल्यासारखे लाटांनी येतात. घाईत केलेलं काम आहे, ते दिसतं.

पण सगळ्यात मोठा आरोप वेगळा आहे: ‘तुम्ही काहीही निवडा, काहीच बदलत नाही.’ असं वाक्य समोर आलं की त्याचे दोन तुकडे करा. वर्णन किती आणि निवाडा किती?

वर्णन आधी तपासू. हॉकच्या धाकट्या भावंडाला तुम्ही जमिनीखालच्या मोहिमेवर नेलंत की घरी ठेवलंत, आणि नेलंत तर सोबत अँडर्स होता की नाही, यावर ते भावंड जगतं, मरतं किंवा कायमचं दुरावतं. इझाबेला संकटात परत येते की पळून जाते, हे तुमचं तिच्याशी कसं जमलं यावर ठरतं. म्हणजे ‘काहीच’ हा शब्द चुकीचा आहे. मात्र आई मरतेच. चँट्री, म्हणजे शहराचं मुख्य धर्मस्थान, उद्ध्वस्त होतंच. जादूगार आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे टेंपलर यांचं युद्ध पेटतंच. अचूक वर्णन असं होईल: नाती बदलतात, इतिहास बदलत नाही.

आता निवाडा. इतिहास बदलत नाही, म्हणून गेम वाईट का? कारण नायकाने जग बदललं पाहिजे, ही अपेक्षा गृहीत धरलेली आहे. ती ‘ओरिजिन्स’मधून आली. पण या गेमने तसं वचन दिलंय का? सुरुवात आठवा. कॅसँड्रा नावाची अधिकारी व्हॅरिक या बुटक्याची उलटतपासणी घेतेय. तिच्या मते हॉकनेच हे सगळं घडवून आणलं. शहराची वाट आधीच लागलेली आहे आणि आता तिला एक गुन्हेगार हवा आहे. पहिल्या दृश्याच्या आधीच शेवट होऊन गेलेला आहे! ज्या गेमची चौकटच अशी, त्याच्याकडे इतिहास पुसायची सोय मागणं मला पटत नाही. उरतो तो प्रश्न कॅसँड्राचा: कुणी केलं, आणि कुणाला थांबवता आलं असतं?

अँडर्सच्या प्रसंगात हा प्रश्न तुमच्यावरच येतो. त्याच्या अंगात एक आत्मा आहे. त्यापासून सुटका होण्यासाठी काही द्रव्यं आणून दे, असं तो सांगतो. मित्राने काम दिलं, नकाशावर खूण आली, की आपण निघतो. अशा गेममध्ये दुसरं काय करतो आपण? गटारांतून, खाणीतून ती द्रव्यं गोळा करता. पुढे चँट्रीचा स्फोट झाल्यावर कळतं, आपण काय जमवून दिलं होतं ते. तुम्ही नकार दिलात तरी स्फोट होतोच, आणि टीकाकार नेमकं इथे बोट ठेवतात. माझं म्हणणं, दोन्ही खेळ शेजारी ठेवून वाचा. एकात हॉक साथीदार आहे, दुसऱ्यात नुसता बघ्या. घटना तीच, पण त्यानंतर अँडर्सला मारायचं की सोडायचं हे तुमच्या हाती दिलं जातं, तेव्हा तुम्ही कुठल्या तोंडाने न्याय करता ते वेगळं असतं. (तुमच्या कामासाठी सूचना: अशा गेमवर लिहिताना कोणत्या निवडी करून खेळलात त्याची नोंद ठेवा. एकदा खेळणं म्हणजे अख्खी संहिता वाचणं नव्हे.)

आईचा मृत्यूही असाच. कितीतरी आधी शहरात बायका बेपत्ता होतायत, अशी एक किरकोळ वाटणारी चौकशी येते आणि पांढऱ्या लिलीच्या फुलांचा धागा हाती लागतो. काही वर्षांनी हॉकच्या घरी तीच फुलं येतात. ज्याला आठवतं त्याच्या पोटात गोळा येतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

तुम्ही विचाराल, मग प्रत्येक दोष ‘मुद्दाम केलाय’ म्हणून खपवायचा का? नाही. त्याच गुहेबद्दल काही चाहते म्हणतात की गोष्ट व्हॅरिक सांगतोय, त्याला गुहांचं वर्णन करायचा कंटाळा. हे मी मानत नाही. व्हॅरिक थापा मारतो तेव्हा गेम तसं दाखवतो. सुरुवातीला हॉक राक्षस गवतासारखे कापत सुटतो आणि कॅसँड्रा मध्येच तोडते. पुढे व्हॅरिक एकट्यानेच भावाच्या हवेलीवर हल्ला चढवतो, तेव्हाही ती तेच करते. गुहांच्या वेळी ती एक शब्द बोलत नाही. संहितेत पुरावा असेल तिथेच चौकटीचा आधार घ्यायचा. नसेल तिथे ती फक्त पुन्हा वापरलेली गुहा.

शहराच्या बाबतीत तर माझीच बाजू लंगडी पडते. एकाच जागी वर्षं घालवण्यावर ही गोष्ट उभी आहे, आणि तरी बाजारातली दुकानं सात वर्षांत जवळपास जशीच्या तशी. माणसं मात्र बदलतात: अ‍ॅव्हलीन शहर-पहाऱ्याची कप्तान होते, इतरांची घरं आणि दुखणी वाढत जातात. सोबत्यांशी मैत्री किंवा स्पर्धा मोजण्याची पद्धतही इथे हुशार आहे. जो तुमच्याशी सतत वाद घालतो तोही तुमचा पक्का माणूस होऊ शकतो.

आणि ऑर्सिनो. जादूगारांचा हा प्रमुख. तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलात, तो हरण्याच्या बेतातही नसला, तरी तो प्रेतांचा राक्षस होऊन तुमच्यावरच येतो. त्याच्या तोवरच्या वागण्यात याची पुरेशी तयारी नाही, चौकटीतही नाही. इथे विरोधकांचं बरोबर आहे.